रिकाम्या इंजिनातला रस्ता

१

पदवीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी एक मोडकी मोटारसायकल आणली. घरच्यांना वाटलं होतं, मी नोकरीचे अर्ज आणीन.

खरं तर मी चष्मेवाल्याशी भांडायला गेले होते. आत्याच्या चष्म्याची एक काडी तुटली होती आणि तो म्हणत होता की काडी मिळत नाही, फ्रेमच नवी घ्या. मी म्हटलं, एका स्क्रूसाठी अख्खी वस्तू फेकून द्यायला लावता, लाज वाटत नाही का. भांडण रंगात आलं असताना दुकानाच्या मागच्या दारातून ती मला दिसली. भिंतीला टेकलेली, काळी, टाकीवर बोटभर धूळ, सीटवर झोपलेलं मांजर.

"दुरुस्तीची एवढी खाज असेल तर ती घेऊन जा," चष्मेवाला म्हणाला. "आधीचा भाडेकरू सोडून गेलाय. लोखंडाच्या भावात देतो."

तो चिडून बोलला आणि मी चिडूनच हो म्हटलं.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. आमच्या वस्तीत एक खोली काढायची, जिथे कुणाचीही कुठलीही वस्तू दुरुस्त केल्याशिवाय परत पाठवायची नाही. मिक्सर, पंखा, सायकल, खुर्ची, काहीही. लोक हसत होते. ही गाडी चालू करून त्याच लोकांच्या दारावरून न्यायची, मग बघू कोण हसतं.

आत्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "घोडा घेतलास हे बरं केलंस," ती म्हणाली. "मेलेला आहे एवढंच."

बाबा खाली बसले, मागच्या ब्रेकचा पायटा हातानं दाबून पाहिला आणि उठले.

"ब्रेक आधी," ते म्हणाले. "आमच्या कारखान्यात मशीन टेबलावर आलं की ते बंद कसं होतं ते पहिल्यांदा बघायचो. चालू नंतर."

त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन ते ब्रेकचे नवे शू, म्हणजे चाकाला आतून धरणाऱ्या पट्ट्या, घेऊन आले, सुतळी बांधलेला पुडा फळीवर ठेवला. मी हो हो म्हटलं आणि इंजिन उघडायला घेतलं. ब्रेक कुणाला दाखवायचे असतात? लोकांना आवाज ऐकवायचा असतो.

२

मागची खोली आमची अडगळीची. एक खिडकी, एक नळ, भिंतीला लावून बाबांचं जुनं टेबल. गाडी लाकडी खोक्यांवर चढवली, दोन्ही चाकं जमिनीच्या वर. रोज सकाळी नऊला मी कामाला लागायची, बाबा स्टुलावर बसून बघायचे.

बाबांनी तीस वर्षं प्रेसवर काम केलंय. पत्रे कापणारी, ठोकणारी मशीन्स. त्यांत त्यांचे कान गेले. म्हणजे शेजारी बसून ओरडलं किंवा ओठ दिसले तर कळतं, पण दारावरची बेल, पाखरं, पाऊस हे सगळं त्यांच्यापुरतं बंद झालंय. मला ते "एक्स्प्रेस" म्हणतात, कारण मी कुठल्याच स्टेशनावर थांबत नाही असं त्यांचं मत.

पहिल्या आठवड्यात मी चाकं काढली, बेअरिंगला ग्रीस भरलं. ब्रेकचे जुने शू पत्र्यासारखे झिजलेले, ते फेकून दिले. नवे बसवायला अर्धा तास लागला असता. मी चाकं तशीच परत चढवली. मग सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, क्रँक, सगळं उपसून रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकलं. चौकटीत उरलं ते इंजिनाचं रिकामं ॲल्युमिनियमचं कवच. आत हात घातला तर पलीकडून बाहेर यायचा.

जुन्या फिटर लोकांची एक सवय असते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतला प्रत्येक भाग वेगळा ऐकू येतो. बाबांना तर आता हाडातूनच नीट ऐकू येतं. त्या दिवशी मी पिस्टन घासत होते आणि त्यांनी बसल्या बसल्या, केवळ हाताच्या सवयीनं, स्क्रू ड्रायव्हर त्या रिकाम्या कवचाला टेकवला.

त्यांनी मूठ कानामागे लावली.

"चालू आहे," ते म्हणाले.

"काय चालू आहे?"

"इंजिन."

मी हातातला पिस्टन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो पाहिला, मान डोलावली आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

३

मी विज्ञान शिकले आहे. जे ऐकू आलं त्यावर मी विश्वास ठेवला नाही आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

पंपाचा आवाज लोखंडातून येत असेल. मी खाली जाऊन पंप बंद केला. फ्रिज असेल. मेन स्विच पाडला, आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. रस्त्यावरची रहदारी असेल. गाडी उचलून खोक्यांखाली रबराच्या जाड पट्ट्या घातल्या. मग तोच स्क्रू ड्रायव्हर पलंगाला, नळाला, खिडकीच्या गजाला, शिवणयंत्राला टेकवला. सगळं लोखंड मुकं.

आणि कवचाला टेकवला की पुन्हा तेच. एका सिलिंडरचं इंजिन, तिसऱ्या गिअरमध्ये, भार ओढत असलेलं. नुसतं इंजिनच नाही. टायरखाली खडी, सैल मडगार्डची खडखड, चेनचा सळसळाट. रस्त्यावर धावणारी गाडी.

मडगार्डची खडखड मला सहन होईना. मी पाना घेतला आणि आमच्या मडगार्डचा सैल नट आवळला.

बाबांनी कानामागून मूठ काढली, माझ्याकडे पाहिलं, परत लावली.

"खडखड थांबली," ते म्हणाले.

मग मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हटलं, आवाज चढला की बोट वर करा. मी त्यांच्यामागे उभी राहून हँडलवरची मूठ फिरवायची. वायर पुढे कशालाच जोडलेली नव्हती, कार्बोरेटर टेबलावर पडला होता. वीस वेळा फिरवली, मध्ये हवा तितका वेळ सोडून. वीस वेळा बाबांचं बोट वर गेलं. एकवीस नाही, एकोणीस नाही.

शेवटच्या वेळी त्यांनी बोट वर केलं ते खाली आणलंच नाही. "पुरे आता," ते म्हणाले. "तो घाबरला असेल."

तोपर्यंत मी गाडीचा विचार करत होते. गाडीवर कुणी बसलेलं आहे हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

४

पुढचे आठ दिवस बाबा आणि मी धड जेवलो नाही.

तो थांबत नव्हता. पेट्रोल भरत नव्हता, झोपत नव्हता. सकाळी नऊला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तरी तो चाललेला, दुपारी चारला टेकवला तरी चाललेला. आणि तो रस्ता. मी काय सांगू त्या रस्त्याबद्दल. एकदा तो लोखंडी पुलावर चढला, फळ्यांचा पोकळ दणदणाट सुरू झाला, आणि मी घड्याळ लावलं. पुढचा पाऊण तास तो पुलावरच होता. खाली फार खोलवर पाणी होतं, कारण इंजिनाचा प्रतिध्वनी परत यायला एक श्वास लागत होता. मी नकाशांवर असा पूल शोधला. नाही.

मग चढ लागला. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चढ संपेना. वारा बदलला, पातळ झाला. खडी गेली, तिच्या जागी काहीतरी गुळगुळीत, काचेसारखं आलं. इंजिन धापा टाकत होतं पण सोडत नव्हतं. बाबा स्टुलावर बसून ऐकायचे आणि त्यांचा चेहरा मी लहानपणी कधीतरी पाहिला होता तसा झालेला असायचा.

"केवढी उंची असेल," ते एकदा म्हणाले.

"बाबा, हे शक्य नाही."

"ते बरोबरच आहे गं," ते म्हणाले. "पण केवढी उंची असेल."

आम्ही गाडीला काही लावत नव्हतो, काही काढत नव्हतो. धूळसुद्धा पुसत नव्हतो. एखाद्या झोपलेल्या माणसाजवळ वावरावं तसं खोलीत वावरत होतो.

५

नवव्या दिवशी अकराच्या सुमारास इंजिनावरचा भार गेला. आवाज एकदम सुटा झाला.

"चढला," बाबा म्हणाले. मी हसले. मला खरंच आनंद झाला होता, मीच चढल्यासारखा.

मग ते सुरू झालं. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. मग टक टक टक, घाईघाईनं.

"व्हॉल्व्हचे टॅपेट सैल झालेत," मी म्हटलं आणि म्हणताना मला दिसलं की टॅपेट ट्रेमध्ये पडलेत.

बाबा ऐकत राहिले. मग उठले, गाडीच्या उजव्या बाजूला गेले, खाली बसले आणि मागच्या ब्रेकचा पायटा हातानं दाबला. पुढे काही धरायलाच नव्हतं. तो भसकन खाली गेला आणि चौकटीवर आपटला.

टक.

"उतार लागलाय. तो ब्रेक मारतोय," बाबा म्हणाले.

मी फळीकडे पाहिलं. पुडा तिथेच होता. सुतळीची गाठसुद्धा सोडली नव्हती.

६

आत्या ओल्या हातांनी आली. "आता काय पाडलंत?"

"हात पूस," मी स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुढे करत म्हटलं. "हे कानामागे धर आणि जे ऐकू येईल ते बोलत राहा. थांबू नकोस."

"माझी भाजी करपेल."

"करपू दे."

तिनं वैतागून मूठ लावली. तिचा चेहरा उतरला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हा तर पळतोय."

"पुढचं चाक की मागचं?" मी बाबांच्या कानाशी ओरडले.

"मागचं. पुढचं एकटं धरलं तर तो फेकला जाईल."

ब्रेक बसवायचा तर चाकाचा एक्सल काढावा लागतो. एक्सल काढला की चाक सुटतं. मी नटावर पाना लावला आणि माझे हात तिथेच थांबले. मडगार्ड आवळलं तर तिकडे खडखड थांबली होती. चाक सुटलं तर तिकडे काय होईल?

बाबांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी टेबलाखालून तेवढ्याच जाडीचा एक दांडा काढला, तेलात बुडवला. "तू इकडून एक्सल ओढ. मी पलीकडून दांडा सारतो. चाक एक क्षण मोकळं राहता कामा नये. हळू. जन्मात एकदा तरी हळू."

मी ओढला. तेवढाच दांडा आत आला. बोटभर, बोटभर.

"डुगडुगली," आत्या ओरडली. "गाडी डुगडुगली रे."

"धरलंय मी," बाबा म्हणाले. त्यांनी चाक खांद्यावर तोललं होतं.

"गिअर पाडला त्यानं. गुरगुरतेय. वळण आलं वाटतं, टायर रडतंय. गेला, वळला. ते टक टक थांबवा कुणीतरी, माझ्यानं ऐकवत नाही."

एक्सल बाहेर आला. ब्रेकची थाळी ओढून काढली. दातांनी सुतळी तोडली, शू थाळीवर चढवले. स्प्रिंग लावायच्या पकडीचा नेम दोनदा चुकला. आठ दिवस होते माझ्याकडे, त्याआधी दोन आठवडे होते, आणि मी पिस्टन चकचकीत करत बसले होते. तिसऱ्यांदा स्प्रिंग बसली. थाळी आत, एक्सल आत, दांडा बाहेर, नट. मग पायट्यापासून थाळीपर्यंतची ब्रेकची सळई, आणि तिच्या टोकाच्या आट्यांवर, आवळू तसा ब्रेक घट्ट करणारा छोटा नट.

"झालं," मी म्हटलं.

कुणी पायट्याला हात लावलेला नव्हता. आम्ही तिघंही त्याच्यापासून लांब होतो. पायटा स्वतःहून अर्धं बोट खाली गेला आणि तिथे थांबला, जसा बुटाखाली थांबतो तसा.

७

"थांबतोय," आत्या म्हणाली. ती रडत होती आणि तिला ते कळलं नव्हतं. "थांबला. दम खातोय."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला. इंजिन संथ चाललं होतं, त्यांनी मला मूठ देऊन ऐकवलं. मागे फक्त वारा. एवढ्या मोठ्या जागेतला वारा मी कधी ऐकला नव्हता.

त्या वाऱ्यात, फार वरून, आणखी एक आवाज उतरत होता.

जाड, फाटक्या सायलेन्सरचा. बाबांनी मूठ परत घेतली. "ही आपली नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं: "हिचंही तसंच. टक टक करतोय बिचारा."

आमच्याकडे त्याच्यासाठी काहीच नव्हतं. ती गाडी आमच्या खोक्यांवर नव्हती.

मग आमच्या गाडीचा गिअर पडला. आपला माणूस हलला. मला वाटलं, बाजूला होतोय, वाट देतोय. बाबा ऐकत होते आणि त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"त्याच्यापुढे चाललाय," ते म्हणाले. "पाठीवर घेतोय त्याला. अरे वेड्या."

खोक्यांवरची गाडी हादरली. ट्रेमधले वॉशर किणकिणले. पायटा खाडकन खाली गेला, पार तळापर्यंत, आणि मागच्या चाकातून धूर निघाला. जागचं न हललेलं चाक. ब्रेकचा जळका, कडवट वास खोलीभर झाला.

"शू झिजतायत," बाबा ओरडले. "सळईचा नट आवळ. अर्धा फेरा."

मी आवळला.

"अजून अर्धा. बघ, धरतोय. अजून."

नट एवढा तापला होता की बोटांना फोड आले. मी फडकं घेतलं नाही, कारण फडक्यातून फेरा कळत नाही. अर्धा. अर्धा. पाव. किती वेळ गेला माहीत नाही. आत्या म्हणते वीस मिनिटं, कारण भाजीचा कोळसा झाला होता.

"उभे आहेत," बाबा शेवटी म्हणाले. "दोघंही."

धूर खिडकीतून गेल्यावर मी मागचं मडगार्ड पाहिलं. सकाळी ते सरळ होतं. आता आत चेपलेलं होतं, आणि चेपलेल्या जागी, काळ्या रंगावर, बोटभर रुंद निळा पट्टा होता. निळा रंग. मी हात लावला. अजून गरम होता.

८

याला आज अकरा दिवस झाले.

पायटा वर आलेला नाही. तो उतारावर उभा आहे, ब्रेक दाबून, आणि निळी गाडी त्याच्या पाठीला टेकून उभी आहे. तो सोडून निघू शकतो. इंजिन चालू आहे, रस्ता मोकळा आहे. तो निघत नाही. मी फार मोठमोठी भाषणं केली आहेत, माणसानं कसं असावं वगैरे. मूठ कानामागे लावून मी त्या संथ इंजिनासमोर बसते तेव्हा त्यातलं एकही आठवत नाही.

पुढचा ब्रेक बसवायला गेलो होतो. नट नुसता सैल केला तर कवचातून असा आवाज आला की बाबांनी हात धरला. सगळा भार पुढच्या चाकावर आहे. आता त्याला हात लावता येत नाही.

आणि ते सरकतात. दिवसातून एखादा इंच, दोन इंच, चर्र करत. तेवढे शू झिजतात. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी नट पाव फेरा आवळते; दोन दिवसांत एक आटा संपतो. बाबा म्हणतात, एक्स्प्रेस आता मालगाडी झाली.

गेले दहा दिवस मी शहरातली प्रत्येक गॅरेज, प्रत्येक भंगाराचं दुकान पालथं घातलं. निळ्या चौदा गाड्या सापडल्या. चौदांनाही स्क्रू ड्रायव्हर टेकवला. चौदाही मुक्या. लोक वेडी म्हणतात, म्हणोत. तेवढ्यात तीन जणांनी माझ्याकडे पंखे आणून टाकले, तेही ठीक.

पण ती गाडी कुठेतरी आहे. कुणाच्या तरी जिन्याखाली, गच्चीवर, चादरीखाली, निळी, पुढून चेपलेली, कुणीतरी हौसेनं घेतलेली आणि अर्धवट उघडून सोडलेली. चेपलेल्या जागी काळा रंग लागलेला असेल.

ती तुमच्याकडे असेल तर इंजिन राहू द्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कान लावू नका, काही ऐकायची गरज नाही. तिला ब्रेक बसवा. मागचे आधी. चाक मोकळं सोडू नका, एक्सल ओढताना पलीकडून दांडा सारा, हळू.

आमच्या सळईवर पाच आटे उरले आहेत.